पुण्यातल्या दोन फुटबॉल अकादम्या, एक पोरगं, साडेचार वर्षं : माझा अनुभव

मार्च आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, पोरगा आठ वर्षांचा आहे, दिवसभर घरात बॉल लाथाडतोय, कुणाला चांगली फुटबॉल अकादमी माहितीय का. मग खाली लोक नावं टाकतात, टर्फचे फोटो टाकतात, कुणीतरी फी टाकतं आणि विषय संपतो. मी दर वेळी त्या माणसाला पर्सनलवर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतो. आता म्हणलं एकदाच बसून सगळं लिहून काढावं, कारण आमचा पोरगा साडेचार वर्षं दोन वेगवेगळ्या अकादम्यांत खेळलाय आणि त्यातली पहिली अडीच वर्षं मी जे बघायला पाहिजे होतं ते बघितलंच नाही.

अकादम्यांची नावं देणार नाही, कृपया विचारू नका. दोन्हीकडं काम करणारी माणसं आपल्याच शहरातली आहेत, आणि तसंही नावावरून काही कळत नाही, एकाच अकादमीच्या दोन सेंटरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, सगळं कोचवर असतं. पहिलीला मी ५ पैकी २ स्टार देतो, दुसरीला ४. का ते सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, या आमच्या तालमींच्या फुटबॉल टीमा, आमच्याकडं ज्या पेठेत जन्म झाला त्या तालमीचा झेंडा पोराच्या हातात आपोआप येतो, शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचला बसायला जागा मिळत नाही. मी गांधी मैदानावर अनवाणी खेळून मोठा झालो, कोच हा प्रकारच नव्हता, थोरली पोरं ओरडायची, चुकलं की पाठीत धपाटा, त्यातनं जे शिकायचं ते शिकलो. त्यामुळं पुण्यात आल्यावर पैसे भरून पोराला फुटबॉलला घालायचं हेच आधी मला पटत नव्हतं. पण इथं पोरं खेळणार कुठं, पार्किंगमध्ये बॉल आपटला की दोन मिनिटांत वॉचमन येतो. पोरगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा आम्ही दोघांनी चौकशी केली आणि घराजवळ सगळ्यात भारी दिसणाऱ्या अकादमीत नाव घातलं.

दिसायला खरंच एक नंबर. हिरवंगार टर्फ, फ्लडलाइट, परदेशातल्या मोठ्या क्लबसारखं कीट, पालकांसाठी अ‍ॅप, दर रविवारी इन्स्टाग्रामवर रील. महिन्याला ४,००० रुपये, कीटचे ५,५०० वेगळे, टूर्नामेंटचे प्रत्येक वेळी वेगळे. पोरं खुश. कोच तरुण होते, मनमिळाऊ होते, पोरांवर कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण ते दोन स्टार त्याचेच आहेत. माझा पोरगा तिथं जायला कधी रडला नाही.

दीड वर्ष मी फक्त सोडायला आणि आणायला जायचो. एका शनिवारी सुट्टी होती म्हणून बाकड्यावर बसून राहिलो. २२ पोरं, दोन कोच. आधी पळणं, मग दोन रांगा लावल्या, रांगेतल्या पहिल्या पोरानं बॉल घेऊन जमिनीवर ठेवलेल्या सहा प्लास्टिकच्या कोनमधनं जायचं, गोलवर मारायचा, परत रांगेच्या शेवटी. अकरा पोरांची एक रांग. माझं पोरगं रांगेत उभं होतं, पुढच्याच्या जर्सीचा दोरा ओढत होतं, बूट घासत होतं, आणि चार-पाच मिनिटांनी त्याची पाळी यायची. मग शेवटी मॅच, अकराला अकरा, आख्ख्या टर्फवर. खिशात पेट्रोलची पावती होती, तिच्या मागं मी रेघा मारायला लागलो, पोराचा पाय बॉलला लागला की एक रेघ. वीस मिनिटांच्या मॅचमध्ये नऊ रेघा झाल्या, आणि त्यातल्या दोन थ्रो-इनच्या, म्हणजे हातानं. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना पाच नंबरचा बॉल दिलेला, मोठ्या माणसांचा. आम्ही गांधी मैदानावर खेळायचो तेव्हा एका संध्याकाळी पाच-पाचशे वेळा तरी बॉल पायाला लागत असेल, आणि इथं मी ४,००० रुपये भरतोय.

त्या रात्री मी वाचायला लागलो, आणि मग वाचतच गेलो. जगात जे क्लब खरोखर खेळाडू घडवतात ते लहान वयात काय करतात हे काही गुपित नाहीये. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सगळ्या प्रोफेशनल क्लबच्या अकादम्यांसाठी एक ठरलेली पद्धत आहे, तिचे तीन टप्पे, ९ ते ११ वर्षांखालच्यांचा पाया, १२ ते १६ खालच्यांचा घडण्याचा काळ, आणि १७ च्या पुढं व्यावसायिक तयारी. पायाच्या टप्प्यात ७ विरुद्ध ७, मग ९ विरुद्ध ९, आणि ११-११ ची मॅच त्यानंतरच. मैदान छोटं, गोल छोटा, बॉल चार नंबरचा. कारण साधंय, पोरं कमी तर प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, त्याचंही तसंच, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० मध्ये सांगून टाकलं की प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग शिकवायचंच नाही. आमच्या पहिल्या अकादमीत दर गुरुवारी हेडिंगचा ड्रिल असायचा, आणि मीच घरी येऊन पोराला सांगायचो की डोळे मिटू नकोस.

अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबची अकादमी सगळ्यांना माहितीय, तिच्या मैदान-संकुलाचं नावच 'डे टूकॉम्स्ट', म्हणजे भविष्य. ते पोरगं निवडताना चार गोष्टी बघतात, तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग. मला त्यात सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की वेग सोडला तर बाकीच्या तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या ट्रायलमध्ये धड दिसतच नाहीत, त्यासाठी पोराला महिनोन्‌महिने बघायला लागतं. आणि आपल्याकडं ट्रायल म्हणजे काय, ५० मीटर पळवा आणि उंची बघा.

आता इथं एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती मी प्रत्येक पालकाला कळकळीनं सांगतो. बार्सिलोना किंवा आयाक्सच्या अकादमीत पोराकडनं फी घेत नाहीत. क्लब स्वतः खर्च करतो, बाहेरगावच्या पोरांचं राहणं-खाणंसुद्धा. आपल्याकडं नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आहे, २०१५ पासून, तिथंही पोरं पूर्ण स्कॉलरशिपवर राहतात. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासूनची. आपल्या सरकारची शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनी बालेवाडीला आहे, आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथनंच पुढं गेला आणि २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडनं खेळला. क्लबच्या अकादमीची कमाई पोरगं १८-२० वर्षांचं झाल्यावर होते, ते पहिल्या टीममध्ये खेळलं तर, किंवा दुसऱ्या क्लबनं विकत घेतलं तर. फिफाचा नियमच असा आहे की करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या क्लबमध्ये गेला, विशेषतः दुसऱ्या देशात, तर त्या रकमेचा ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्या क्लबमध्ये वाटला जातो, म्हणजे लहानपणी चार वर्षं शिकवणाऱ्या छोट्या क्लबलाही पैसे पोचतात. म्हणून ते थांबू शकतात. अकरा वर्षांचं पोरगं या महिन्यात मॅच हरलं तर त्यांचं काही बिघडत नाही.

पण महिन्याच्या फीवर चालणाऱ्या अकादमीचं उत्पन्न या महिन्यात पालकाच्या खिशातनं येतं. तिला या महिन्यातच काहीतरी दाखवावं लागतं, कप, मेडल, रील, गोलचा व्हिडिओ. यात कोच वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, भाडं भरायचंय, टर्फचा तास महाग आहे, त्यांचीही पोटं आहेत. पण परिणाम काय होतो ते माझ्या पोरावर बघितलं. टूर्नामेंटला टीम निवडायची म्हणलं की जी पोरं आज उंच आणि दणकट आहेत तीच खेळणार. आमच्या टीमचा एक पोरगा अकराव्या वर्षीच पाच फूट तीन इंच, ओठावर लव आलेली, मागनं लांब बॉल मारायचा, तो पळत जाऊन गोल करायचा, कप आमचा. पोरगं गुणी होतं, मेहनती होतं, पण त्याला दोन वर्षांत कुणी बॉल अडवून वळायला शिकवलं नाही कारण गरजच पडली नाही. आणि माझा नोव्हेंबरचा, म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या पोरांपेक्षा दहा महिन्यांनी लहान, पण गट एकच. दहा वर्षांच्या वयात दहा महिने म्हणजे काय हे आईबापांना सांगायला नको. युरोपातल्या अकादम्यांतही हाच घोळ आहे हे वाचून मला आश्चर्य वाटलं, तिथंही वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं फार जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतली फार कमी निवडली जातात, पण निदान त्यांना ते माहितीय आणि ते त्यावर उपाय शोधतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०१५ मध्ये असा एक प्रयोग केला की पोरांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणं गट पाडून खेळवायचं. लवकर वाढलेल्या पोराला मोठ्यांत टाकलं की त्याला डोकं वापरावं लागतं, उशिरा वाढणाऱ्याला त्याच्या मापाच्या पोरांत टाकलं की त्याला बॉल मिळतो. दोघांचंही भलं.

मोठ्या क्लबलाही चुकतं, हे पण लिहितो, नाहीतर वाटेल मी परदेशाची आरती ओवाळतोय. पुढं इंग्लंडचा कॅप्टन झालेल्या हॅरी केनला आर्सेनल क्लबनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं. पुढं इंग्लंडकडनं खेळलेल्या जेमी व्हार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबनं सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून काढलं. ग्रीझमनला फ्रान्समधल्या अकादम्यांनी उंची बघून नाकारलं, मग तो तेराव्या-चौदाव्या वर्षी सीमेपलीकडं स्पेनमध्ये रेआल सोसिएदादला गेला आणि २०१८ चा वर्ल्ड कप त्याच फ्रान्ससाठी जिंकला. बाकी हजारो पोरं अशी आहेत जी सोळाव्या वर्षी बाहेर पडतात आणि ज्यांचं नाव आपल्याला कधीच कळत नाही.

पहिली अकादमी सोडायचं कारण टाच. पोरगं साडेअकराचं होतं, सकाळी पलंगावरनं उतरलं की पहिली चार पावलं लंगडायचं. मला वाटलं बूट लागत असेल. मग प्रॅक्टिसनंतर गाडीत बसला की बूट काढून टाच हातात धरून बसायला लागला. कोचना सांगितलं तर म्हणाले, "वाढत्या वयात होतं सर, स्प्रे मारू, रविवारी सेमीफायनल आहे." स्प्रे मारला, खेळला, आणि सोमवारी त्याला टाच टेकवता येईना. चवड्यावर चालत बाथरूमला गेला. हिनं त्या दिवशी मला एवढंच विचारलं, "अहो, कप कुणाला पाहिजे होता?" आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण सेमीफायनलला मी पण बाजूला उभा राहून ओरडत होतो.

हाडांच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली, पोरगं किंचाळलं, आणि त्यांनी लगेच सांगितलं. लहान वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून कूर्चेनं जोडलेला असतो, हाड भराभर वाढतं आणि पोटरीचा स्नायू मागं राहतो, तो वरनं ओढत राहतो, त्यात टर्फवर स्टड घालून रोजचं पळणं, मग तिथं सूज. आठ ते चौदा या वयात खेळणाऱ्या पोरांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे, त्याला सेव्हर्स म्हणतात, कायमचं नुकसान होत नाही, पण खेळ कमी करायला लागतो, बुटात टाचेखाली मऊ गादी, पोटरीचं स्ट्रेचिंग, बर्फ. गुडघ्याखाली असंच होतं त्याचं नाव वेगळं. डॉक्टर म्हणाले माझ्याकडं महिन्याला अशी कितीतरी पोरं येतात आणि प्रत्येकाची कुठली ना कुठली फायनल असते.

सहा आठवडे खेळ बंद. त्या सहा आठवड्यांत अकादमीतनं एक फोन आला, तो पुढच्या तिमाहीच्या फीचा.

दुसरी अकादमी आम्हाला पोराच्या शाळेतल्या एका मित्राच्या आईकडनं कळली. एका शाळेचं मैदान, निम्मी माती, निम्मं गवत, पावसाळ्यात चिखल. बोर्ड नाही, इन्स्टाग्राम नाही. फी २,२००. पहिल्या दिवशी मी म्हणलं टाच दुखते त्याची, तर कोच सर म्हणाले बूट काढ, मांडी घाल, आणि मग त्यांनी एक जाड वही काढली, कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीची असते तसली. पोराला भिंतीला टेकून उभं केलं, उंची घेतली. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची घेतली. मग वजन. मग मला विचारलं, तुमची उंची किती, मॅडमची किती, आणि तुम्ही कितव्या वर्षी वाढलात. मी म्हणलं कॉलेजला गेल्यावर. ते पण लिहिलं.

मला आधी कळेना हे फुटबॉलला आलोय का दवाखान्यात. नंतर त्यांनी नीट समजावलं. पोरांची उंची साधारण १३-१४ व्या वर्षी सगळ्यात जोरात वाढते, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरसुद्धा, कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची पंधराव्या. आधी पाय लांब होतात, मग धड. म्हणून उभी उंची आणि बसलेली उंची दोन्ही घेतली की पोरगं कुठवर आलंय याचा अंदाज येतो. त्या काळात चांगला खेळणारा पोरगा अचानक धडपडायला लागतो, पास चुकतो, बॉल पायाखालनं जातो, कारण त्याच्या मेंदूला नव्या पायांची अजून सवय झालेली नसते. आणि नेमकं याच वयात आपल्याकडं पोरांना "याचं लक्ष नाही आता" म्हणून काढून टाकतात. वहीत प्रत्येक पोराचं एक पान, दर तीन महिन्यांनी मापं, आणि ज्याची उंची झपाट्यानं वाढतेय त्याच्या नावापुढं लाल टिंब. लाल टिंब असेल त्याला त्या काळात उड्या कमी, लांब पळणं कमी, बॉलवरचं काम आणि तोल सांभाळायचे व्यायाम जास्त. मोठ्या क्लबमध्ये हेच काम कॉम्प्युटरवर चार माणसं करतात. इथं एक वही आणि एक मेजर टेप. मला त्या दिवशी भरून आलं, खरं सांगतो.

ट्रेनिंगबद्दल. तासाला १४ पोरं, दोन कोच, आणि प्रत्येक पोराला स्वतःचा बॉल. रांग नावाचा प्रकार मी दोन वर्षांत बघितला नाही. सुरुवात कायम रोंदोनं, म्हणजे पाच-सहा पोरं गोल करून एकमेकांना एका टचमध्ये पास देतात आणि मधले दोघं हिसकावायला बघतात. बार्सिलोनाच्या पोरांचा हा रोजचा धडा. त्यांची ला मासिया म्हणजे १७०२ सालचं एक जुनं शेतघर, १९७९ पासून बाहेरगावच्या पोरांचं वसतिगृह, २०११ मध्ये पोरं नव्या इमारतीत गेली. २०१० च्या बॅलन डी'ओरचे, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, पहिले तिघंही, मेस्सी, इनिएस्ता, झावी, तिथलेच. आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लेव्हांतेविरुद्धच्या मॅचमध्ये एक वेळ अशी आली की मैदानावरचे अकराच्या अकरा बार्सिलोनावाले त्याच अकादमीतनं आलेले. अकरा लोक लहानपणापासनं एकच भाषा बोलतायत असा तो खेळ. आमच्या चिखलातल्या रोंदोत अर्थातच बॉल दर तिसऱ्या पासला बाहेर जातो, पण पोरांची मान वर असते.

मान वर ठेवायला सर काय करतात ते सांगतोच, कारण मला ते फार आवडतं. पोराकडं बॉल येत असतो, सर त्याच्या पाठीमागं दहा पावलांवर उभे, आणि बोटं वर धरतात. पोरानं बॉल पायात घ्यायच्या आधी मागं वळून बघायचं आणि ओरडून सांगायचं, तीन! दोन! चार! बॉल आल्यावर बघितलं तर चालत नाही, आधीच बघायचं. सुरुवातीला माझा पोरगा आकडा बरोबर सांगायचा आणि बॉल पायाखालनं जायचा, नाहीतर बॉल अडवायचा आणि आकडा चुकायचा. पाच-सहा महिने लागले. आता मॅचमध्ये बघतो तर बॉल लांब असतानाच त्याची मान दोन्ही खांद्यांवरनं फिरते, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि बॉल आला की तो मोकळ्या बाजूला वळलेला असतो. झावीचे जुने व्हिडिओ काढून बघा, बॉल नसताना त्याचं डोकं बघा. नॉर्वेतल्या संशोधकांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचं हेच मोजलंय, जे जास्त वेळा वळून बघतात त्यांचे पास जास्त बरोबर जातात. हे असलं काही रीलमध्ये दिसत नाही. दहा सेकंदांच्या व्हिडिओत पोरानं मान फिरवली हे कोण बघणार.

सरांचे पालकांसाठी दोन नियम आहेत. मॅच चालू असताना फक्त टाळ्या, सूचना नाही. आणि घरी जाताना गाडीत मॅचचा विषय पोरानं काढला तरच. पहिला मला जड गेला, मी कोल्हापूरचा, मॅच बघताना गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. दोनदा सरांनी शांतपणे जवळ येऊन सांगितलं, "दादा, त्याला बॉल आल्यावर तुमचा आवाज आला की तो विचार करायचं थांबवतो." तिसऱ्यांदा वेळ आली नाही.

तक्रारी आहेतच, म्हणून एक स्टार कापला. पावसाळ्यात १५-२० दिवस प्रॅक्टिसच होत नाही आणि त्याची फी परत मिळत नाही, पुढं अ‍ॅडजस्टही होत नाही. मैदानावर पोरींसाठी कपडे बदलायला धड जागा नाही, हे मी तीनदा बोललोय. मेसेज वेळेवर येत नाहीत, प्रॅक्टिस रद्द झाल्याचं कधी कधी गेटवर गेल्यावर कळतं. फिजिओ नाही. आणि सगळी अकादमी एका माणसाच्या खांद्यावर आहे, उद्या सर आजारी पडले तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडंही नाही. ज्यांना पोराला आठवड्यातनं तीन दिवस फक्त घाम गाळून मजा करून यावं एवढंच पाहिजे, त्यांना पहिली अकादमी जास्त आवडेल, टर्फ मऊ आहे, पार्किंग आहे, वॉशरूम स्वच्छ आहेत, त्यात काही चूक नाही.

जे शोधतायत त्यांच्यासाठी माझं म्हणणं, ट्रायल क्लासला जाऊन तासभर बसा आणि रेघा मारा. कोचकडं एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनचं, कुठलं लायसन्स आहे विचारा, लहान पोरांसाठी डी किंवा सी लायसन्स असलेला माणूस प्रत्यक्ष मैदानावर रोज असतो का ते बघा, नाहीतर लायसन्सवाला भिंतीवरच्या फोटोत आणि शिकवायला कॉलेजचा पोरगा. पोराचं रजिस्ट्रेशन फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे त्यांच्या खेळाडू नोंदणीच्या सिस्टीमवर, करतात का विचारा, म्हणजे त्याची नोंद खऱ्या जन्मतारखेनं राहते. वयाच्या दाखल्यात फेरफार करू म्हणणारा कुणी भेटला तर तिथल्या तिथं उठा, मोठ्या पातळीवर वय तपासायला मनगटाचा एमआरआय काढतात आणि पोरगं कायमचं बदनाम होतं. दुखापत झाली तर काय करता हे विचारा आणि उत्तर देताना कोचचा चेहरा बघा.

आणि परदेशातल्या ट्रिपा. पहिल्या अकादमीतनं आम्हाला स्पेनच्या दहा दिवसांच्या कॅम्पचं विचारलं होतं, पावणेतीन लाख, "स्काउट येणार आहेत", म्हणजे क्लबसाठी पोरं हेरणारी माणसं, असं तोंडी सांगितलं, कागदावर तसं काहीच नव्हतं. फिफाच्या नियमाप्रमाणं १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये नोंदवताच येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर, म्हणजे आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडं राहायला गेले वगैरे. बारा वर्षांच्या पोराला बघून कुठला क्लब सही घेणार? फिरायला म्हणून जायचं तर जरूर जा, स्टेडियम बघा, पोराला आयुष्यभर लक्षात राहील. सिलेक्शन म्हणून कर्ज काढू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात सोन्याच्या बांगड्या गहाण पडल्या त्या ट्रिपसाठी, म्हणून हे इतकं लिहितोय.

माझा पोरगा प्रोफेशनल होईल का? मला नाही वाटत, आणि त्याला अजून ठरवायचंय. लामिन यमाल १५ व्या वर्षी बार्सिलोनाकडनं उतरला म्हणून प्रत्येक १३ वर्षांच्या पोराचे आईबाप घायकुतीला आलेत, पण तो सात वर्षांचा असल्यापासनं ला मासियात होता आणि तिथंही तसा तो एकटाच. आमचा अजून १५१ सेंटिमीटर. गटातला दुसरा सगळ्यात बुटका. गेल्या जुलैपासनं सर त्याला बुधवारी १२ वर्षांखालच्या पोरांत खेळवतात आणि शनिवारी त्याच्या वयाच्या पोरांत. आधी त्याला ते आवडलं नाही, खाली टाकलं असं वाटलं, घरी येऊन जेवला नाही. मग सरांनी त्याला वहीतलं त्याचं पान दाखवलं, दोन वर्षांची मापं, आणि म्हणाले तुझी गाडी अजून स्टेशनवरच आहे, तोपर्यंत बुधवारी तू कॅप्टन. आता बुधवारी तो दहा मिनिटं आधी जातो, कोन लावतो, लहान पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधतो, आणि मॅचमध्ये मधे उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगत असतो, मागं बघ, मागं बघ.

टाच आता वर्षभर दुखलेली नाही. गेल्या वेळच्या मापात तीन महिन्यांत उंची दोन सेंटिमीटर वाढली, आणि त्याच्या नावापुढं पहिल्यांदा लाल टिंब आलं. घरी येऊन आधी त्यानं तेच सांगितलं, मग आबांना कोल्हापूरला फोन करून पण सांगितलं. पुढची मापं ऑगस्टमध्ये आहेत.